कवडीला विचारून थांबायचं

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे. ओळ वर सुरू होते आणि संपेपर्यंत खाली उतरते. ऱ्हस्व कुठलं नि दीर्घ कुठलं हे मला चौथीत कळलं नव्हतं, आणि पाचवी काही झाली नाही. लेकीच्या जुन्या वह्यांत मागची पानं कोरी राहिली होती, ती काढून त्यांवर लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही. दुपारी घरात कुणी नसतं, आणि ज्या दिवशी माझ्या तोंडातून मनातलं बोलणं बाहेर आलं तो दिवस अलीकडे सारखा आठवतो.

मी लहानपणापासून कमी बोलायची. मुकी नव्हते. कुणी काही विचारलं तर उत्तर मला ठाऊक असायचं, पण ते ओठांपर्यंत यायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ कुणाकडे नसायचा. शाळेत बाई म्हणायच्या, "मंदा, सांग." मी तोंड उघडेपर्यंत "बस खाली" म्हणून त्या पुढच्या मुलीकडे वळलेल्या असायच्या. गावात बायका विचारायच्या, "काय गो मंदे, आय कुठं गेली?" आणि लगेच स्वतःच म्हणायच्या, "खाडीवं गेली असंल." मी मान हलवायची. चौथीनंतरची शाळा लांब होती. हिला पुढे पाठवा असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

माझ्या माहेरचं घर भिवंडीजवळ अंजूरला, गावाच्या खाडीकडच्या टोकाला. पुढे ओटी, मागे चूल, चुलीमागचा दरवाजा उघडला की गोठा. बाबा मी पाळण्यात असतानाच गेले होते. घरात आय, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि मी. गोठ्यात कवडी. ती आमची म्हैस. तिचा एक डोळा काळा होता आणि दुसरा पांढुरका, कवडीसारखा, म्हणून तिचं नाव कवडी. दादा गोदामांचा माल टेम्पोने वाहायचा. वहिनी भाकऱ्या करायची, तांदळाच्या, पातळ, आणि सोबत सुकटीची चटणी. आय खाडीत उतरून चिखलातली मासळी, निवट्या, आणायची त्या दिवशी सगळ्या घराला कालवणाचा वास सुटायचा. वहिनी नाकाला पदर लावून म्हणायची, "आत्ती, तुमच्या अंगाला आता समुद्राचा वास येतो." आय म्हणायची, "मग काय अत्तराचा येऊ?"

सकाळी जाग यायची ती आवाजांनी. आधी कवडीच्या गळ्यातली साखळी खुंट्याला घासायची. मग आयच्या बांगड्या, आणि मग रिकाम्या कासंडीत पहिली धार पडल्याचा पोकळ आवाज. कासंडी भरत जाईल तसा तो आवाज जाड होत जायचा. आज दूध किती निघालं हे मी अंथरुणातून सांगू शकले असते, पण मला कुणी विचारत नसे. पलीकडे, जिथे आधी भाताची खाचरं होती, तिथे गोदामं उभी राहत होती. तिथून मागे येणाऱ्या कंटेनरचं टीं-टीं दिवसभर ऐकू यायचं. कवडीने सुरुवातीला त्या आवाजाला उत्तरं दिली. दोन-चार दिवस ती प्रत्येक टीं-टींला मान वर करून रेकायची. मग तिला कळलं असावं की तो कुणाशी बोलत नाही. तिने सोडून दिलं.

आय दूध काढताना कवडीशी बोलायची. जनावराशी सगळेच बोलतात, "हो हो", "बस बस", "पाय सरक". आयचं तसं नव्हतं. आय विचारायची. "काय गो बाय, झोप लागली का?" आणि थांबायची. हात सडांवर तसाच, पण धार काढायची नाही. कवडी एक कान मागे वळवायची, रवंथ थांबवायची, आणि थोड्या वेळाने नाकातून "हंऽ" करायची. त्या हंऽबरोबर कासेत पान्हा उतरायचा. आय म्हणायची, "डास होते ना? मला पन न्हाय लागली." मग धारा सुरू. मध्येच पुन्हा, "काल खाडीवं कोन भेटलं?" पुन्हा थांबायची.

मी एकदा आयला विचारलं होतं, तिला समजतं का. आय म्हणाली, "तिला काय समजतं ते तिला म्हाईत. पन इचारलं तर थांबायला नको?"

कवडीचे आवाज मला ओळखू यायचे. पाणी हवं असलं तर तोकडा आवाज, नाकातून. पारडू लांब गेलं तर तोंड न उघडता घशातून, गुरगुरल्यासारखा. गोठ्यात अनोळखी माणूस आला तर जोरात फुसकारा. आणि एक आवाज फक्त आयसाठी होता. आय खाडीवरून उशिरा आली की कवडी लांब रेकायची. तो सूर शेवटाला वर जायचा, या काठावरून त्या काठाला हाक मारावी तसा, आणि मग ती गप्प व्हायची. कान पुढे करून उभी राहायची. वाट बघायची. वाटेवरून आय ओरडायची, "आले गो, आले!" तेव्हा कुठे तिची मान खाली गव्हाणीत जायची.

माझी लेक शाळेत शिकली ते मला सांगत होती. जनावरांना भाषा नसते आई, नुसते आवाज असतात, आणि त्यांना आपल्या आवाजाची सवय होते. असेल. तिची पुस्तकं मी वाचलेली नाहीत. पण विचारल्यावर गप्प राहून वाट बघणं, हे मी माणसांत फार थोड्यांजवळ पाहिलं. आमचे मालक, म्हणजे लेकीचे बाबा, आयुष्यभर कापडाच्या लूमवर काम करून कानाने अधू झालेत. त्यांना विचारलेलं कळायला वेळ लागतो, मला उत्तर द्यायला. आमचं बरं जमतं.

आयला ताप आला, उतरला, पुन्हा चढला. एका दुपारी दादा तिला रिक्षात घालून भिवंडीला घेऊन गेला. संध्याकाळी तिला आणलं ते चादरीत गुंडाळून. घर बायकांनी भरलं. सगळ्या वहिनीच्या गळ्यात पडून रडत होत्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि पुढे जायच्या. "पोर तोंडातून शब्द काढत न्हाय, बिचारी," असं माझ्यासमोरच एकमेकींना सांगायच्या. त्या गर्दीत मागच्या दारातून कवडीचा आवाज आला. तोच लांब, शेवटाला वर जाणारा. मग शांतता. मला माहीत होतं की ती कान पुढे करून उभी आहे. तिला काय सांगायचं ते सबंध घरात मला एकटीलाच कळत होतं, आणि मला ते सांगता आलं नाही. आय गेली, हे मी तोवर तोंडाने कुणालाच म्हटलं नव्हतं.

कवडीने दूध चोरायला सुरुवात केली. कास भरलेली, पण सड ओढले तर चार थेंब. दादाने पारडू लावून पाहिलं. पारडाला तिने पाजलं, दादाने हात लावताच पान्हा वर घेतला. मग वहिनीला शेजारणींनी सांगितलं की म्हैस वास ओळखते. वहिनी आयचं लुगडं नेसली, न धुतलेलं, आणि गोठ्यात बसली. आयचे शब्दही तिला पाठ होते. एका दमात म्हणाली, "काय गो बाय झोप लागली का डास होते का काल कोन भेटलं चल सोड सोड." कवडीने लाथ मारली. कासंडी घरंगळत चुलीपर्यंत गेली. लुगड्यावर शेण उडालेलं, तशीच उभी राहून वहिनी म्हणाली, "आत्तींनी मला कधी सोडलं न्हाय, त्यांची म्हस कशाला दूध सोडंल?" दादा कितीतरी दिवसांनी हसला. मलाही हसू आलं, पण मी पाहिलं होतं. वास बरोबर होता, शब्द बरोबर होते. फक्त वहिनी थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून मी कासंडी घेतली. कवडीजवळ उकिडवी बसले, कपाळ तिच्या पोटाला टेकलं, आय टेकायची तसं. आणि विचारलं, "काय गो बाय, झोप लागली का?" माझा आवाज मलाच परका वाटला. मग थांबले. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. गोदामाकडे टीं-टीं सुरू झालं आणि बंद झालं. थांबायचा मला कंटाळा नव्हता, मला तेवढं एकच नीट येत होतं. शेवटी तिच्या पोटात रवंथ थांबल्याचं मला कपाळाला जाणवलं, आणि ती म्हणाली, "हंऽ." माझ्या बोटांत सड भरून आले.

घरात सगळे म्हणाले, मंदीच्या हाताला गुण आहे. मी काही सांगितलं नाही. रोज सकाळी आयचेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायची, आणि आयचीच उत्तरं द्यायची. दिवसभरात माझं बोलणं तेवढंच. पण संध्याकाळी खाडीकडे तोंड करून कवडी ती हाक मारायची तेव्हा मी चुलीजवळ बसून राहायची. त्या हाकेला आयचं उत्तर मला देता येत नव्हतं.

मग मागची जमीन गोदामवाल्यांनी घेतली. त्यातल्या आमच्या तुकड्याचेही पैसे आले. दादाने कौलं काढून स्लॅब टाकला, ओटीला चकचकीत लाद्या बसवल्या. त्याला एक जुनी चारचाकी घ्यायची होती, आणि ती लावायला जागा हवी होती. जागा म्हणजे गोठा. एका दुपारी जेवता जेवता तो म्हणाला, "मंदे, कवडी तबेल्यात देतो. शेलार गावाच्या बाजूला एक भैया हाय, लल्लनभैया, चांगला मानूस हाय. तिला पन सोबत मिळंल, तुझी पन दगदग जाईल. तुला काय वाटतं?" माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. मी तो खाली ठेवला. मला म्हणायचं होतं, नको. शब्द गळ्यापर्यंत आलाही होता. दादा म्हणाला, "बरं. ठरलं मंग." आणि हात धुवायला उठला.

कवडीला टेम्पोत चढवताना तिने माझ्याकडे पाहून काही आवाज केला नाही. मला वाटतं तिला वाटलं असेल की मीही येते आहे.

त्यानंतरच्या सकाळी फार वाईट होत्या. जाग त्याच वेळेला यायची. साखळी नाही, बांगड्या नाहीत. पिशवीतलं दूध आलेलं असायचं, दारात लटकलेलं, थंडगार, मुकं. मी उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायची. खुंट्याजवळची जमीन तिच्या खुरांनी खोलगट झाली होती. "झोप लागली का?" असं एकदा मी त्या जागेला विचारलं आणि सवयीने थांबले. मागून वहिनीने पाहिलं. त्या दिवशी तिने माझ्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढला.

आणि एका सकाळी लल्लनभैया मोटरसायकल घेऊन आमच्या दारात उभा राहिला. उंच, गळ्यात गमछा. नव्या लाद्यांवर चप्पल घालून यावं की नाही या विचारात तो पायरीवरच थांबला.

"भाऊ, तुम्हारी भैंस दूध चुराती है."

दादा म्हणाला, "चोरते? घरात तर बादली भरून द्यायची."

"घर में देती होगी. मेरे यहां सुई लगाई तो दो दिन दिया, फिर सुई का भी असर नहीं. दिनभर खड़ी रहती है, रोड की तरफ मुंह करके. शाम को ऐसा चिल्लाती है कि बाकी भैंसें खाना छोड़ देती हैं." मग तो अवघडून म्हणाला, "झगड़ा करने नहीं आया. घर में जो दुहती थी, उसको एक बार भेज दो. मेरा आदमी देख ले, कैसे करती है."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "जाशील?" म्हणाला, आणि मी काही म्हणायच्या आत मोटरसायकलची चावी घ्यायला आत गेला. यावेळी मला चाललं.

तबेला पत्र्याचा होता, लांबच लांब. दोन्ही बाजूंना म्हशी, मध्ये शेणपाण्याचं गटार, पाण्याची मोटर घरघरत होती आणि खांबाला लटकवलेला रेडिओ मोठ्याने वाजत होता. गंजीफ्रॉकवरची माणसं म्हशीखालून म्हशीखाली सरकत होती, एकीचं झालं की दुसरी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कवडी शेवटाला बांधलेली होती. तिच्या पुठ्ठ्यावर सुईच्या जागी गाठी आल्या होत्या. तिने काळा डोळा माझ्याकडे वळवला आणि नुसती बघत राहिली.

"बैठो, बेटी," लल्लनभैया म्हणाला. कुणीतरी बादली आणून दिली. दूध काढणारी माणसं हात पुसत भोवती जमली. दादाही होता. मी बसले. कपाळ टेकलं. आणि तोंड उघडलं तर आवाज नाही. एवढ्या पुरुषांसमोर मी कधी "पाणी द्या" एवढंही म्हटलं नव्हतं. ते झोप लागली का, डास होते का, कसं म्हणायचं? कुणीतरी हसलं. "ये तो खुद गूंगी है," एकजण हळूच म्हणाला.

तेव्हा कवडीने मान वर केली आणि ती हाक मारली. संध्याकाळची. लांब, शेवटाला वर जाणारी. माझ्या कपाळाखाली तिचं सगळं पोट थरथरलं. मग ती गप्प झाली. मी मान वळवून पाहिलं. तिचे कान पुढे नव्हते, दाराकडेही नव्हते. दोन्ही कान माझ्याकडे वळलेले होते. ती मला विचारत होती, आणि विचारून थांबली होती.

आजवर असं माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. ती घाई करत नव्हती. माझं उत्तर माझ्या आत किती लांबून निघालं होतं कोण जाणे, आयला चादरीत आणलं तेव्हापासून ते चालतच होतं. ते ओठांपर्यंत येईपर्यंत ती उभी राहिली.

मी म्हणाले, "आय न्हाय येनार गो. आय गेली." आणि मग, "मी आले. मी हाय."

मी थांबले. कवडीने श्वास सोडला. "हंऽ."

बादलीत पहिली धार पडली तेव्हा तो पोकळ आवाज रेडिओवरही ऐकू आला. लल्लनभैयाने जाऊन रेडिओ बंद केला. मी बोलत राहिले. आयचे प्रश्न नव्हते ते, माझे होते. इथं खायला काय देतात, सुई कुठं लागली, घरी स्लॅब टाकला, लाद्यांवर वहिनी घसरली. प्रत्येकानंतर थांबत होते. माझ्या नाकातून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बादलीचा आवाज जाड होत गेला.

"बात करती है," लल्लनभैया म्हणाला.

"कौन, लड़की?" मघाचा माणूस म्हणाला.

"दोनों."

मी उठल्यावर त्याने आपल्या माणसाला खाली बसवलं आणि मला म्हणाला, "इसको सिखाओ." मी म्हणाले, "पूछना. फिर रुकना." त्याने विचारलं, "दूध देगी?" आणि तो थांबला, पण बोटं मांडीवर वाजत होती, नजर पुढच्या म्हशींकडे होती. कवडीने शेपटी झाडली. लल्लनभैया स्वतः बसला. तो आणखी थोडा थांबला, मग उठून गुडघे झटकत हसला. "इतने में चार भैंस हो जाती हैं, बेटी. गाड़ी आ जाती है दूध की." त्यात त्याची चूक नव्हती. रांगेतल्या प्रत्येकीला विचारून थांबायचं म्हटलं तर दिवस पुरला नसता.

निघताना मी मागे पाहिलं नाही. मागून ती हाक येईल अशी भीती होती. आली नाही, ते जास्त लागलं.

वळ गावाच्या अलीकडे दादाने मोटरसायकल एका गोदामाच्या भिंतीला लावली आणि बंद केली. मला वाटलं पेट्रोल संपलं. तो पुढे बघत बसून होता. मग तसाच म्हणाला, "आय गेली म्हनून तू पहिल्यांदा बोललीस ना?" मी मान हलवली. तो म्हणाला, "मी पन कुनाला न्हाय बोललो." थोड्या वेळाने त्याने मान वळवली. "कवडीला घरी आनू का?"

एक कंटेनर गेला. धूळ उडाली. मला वाटलं, आता म्हणेल, बरं, जाऊदे. त्याने गाडीला किक मारली नाही. आणखी एक कंटेनर गेला. दादा मान वळवून तसाच बसला होता, कवडीसारखाच.

"आन," मी म्हणाले. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून, "आनि गोठा तोडायचा न्हाय."

घरी वहिनीने ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. "आनि गाडी कुठं लावायची? माझ्या डोक्यावं?" मग माझ्याकडे बघत ती थांबली. शेवटी म्हणाली, "लाव मग म्हशीच्या बाजूला. धूर काढते का शेन घालते, दोघींचं काय ते दोघी बघतील."

कवडी त्यानंतर आमच्याकडेच म्हातारी झाली. ती गेली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, मला दुसऱ्या दिवशी कळलं. आता या पत्र्याच्या खोलीत पहाटे जाग येते तेव्हा पलीकडच्या लूमची खटखट चालू असते. मी चहा ठेवताना अजूनही मालकांना विचारते, झोप लागली का, आणि थांबते. चहा उकळतो.

पण ते नंतरचं. त्या आठवड्यात दादा गाडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे घेऊन मला मागे बसवून पुन्हा तबेल्यात गेला. लल्लनभैयाने नोटा मोजल्या, चारा-पाण्याचं काही धरलं नाही, सुईचंही नाही. दादा म्हणाला, "पूरा हाय ना? बघ परत." लल्लनभैया म्हणाला, "पूरा है, भाऊ. एक रुपया बाकी नहीं." आणि शेवटच्या खुंट्यावरून दोर सोडून त्याने तो दादाला नाही, माझ्या हातात दिला.